एक फटका, दोन आवाज : घरच्या इलेक्ट्रॉनिक ड्रमवर दोष हाताचा की पॅडचा?

खालच्यापैकी एक तरी गोष्ट तुमच्या किटवर होत असेल, तर हे तुमच्यासाठी आहे.

– स्नेअरवर (समोरच्या मुख्य ड्रमवर) एकदाच मारलं, हेडफोनमध्ये दोनदा वाजलं. दुसरा आवाज पहिल्याला चिकटून, जरा हलका.
– हे जोरात मारल्यावरच होतं. हळू वाजवताना सगळं ठीक.
– उलटी तक्रार : हलके फटके गायब. ॲक्सेंटच्या, म्हणजे जोर दिलेल्या फटक्याच्या, लगेच मागे येणारी घोस्ट नोट (मुद्दाम अगदी हलका मारलेला फटका) तर हमखास गिळली जाते.
– पॅडच्या मधोमध लागलं की धाडकन मोठा आवाज, दोन बोटं बाजूला लागलं की निम्मा.
– वाजवला स्नेअर, सोबत टॉम, म्हणजे शेजारचा ड्रमही बोलला. किंवा किकबरोबर (पायाने वाजवायच्या ड्रमबरोबर) क्रॅशची झांज हलकीच वाजून गेली.
– पाय एकदाच खाली गेला, किकचे ठोके दोन आले.
– आवाज सगळे बरोबर, पण काठी लागल्यावर जरा उशिरा.

मी ठाण्यात ड्रम शिकवतो. शिकणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या घरी इलेक्ट्रॉनिक किटच आहे, कारण फ्लॅटमध्ये खरा ड्रम सेट वाजवला तर संध्याकाळी सोसायटीचे सेक्रेटरी दारात उभे राहतात. त्यामुळे ही तक्रार घेऊन मी कितीतरी घरांत गेलो आहे. मॉड्यूल, म्हणजे पॅडचे फटके ओळखून आवाज काढणारा डबा, खरोखर बिघडलेलं फार थोड्या वेळा निघालं. बहुतेकदा एखादा नट, एखादी केबल, सैल मेश (पॅडवरचा जाळीचा पडदा), नाहीतर हातात धरलेली काठी, यांतच कारण सापडलं.

माझा आग्रह एकच आहे : मॉड्यूलच्या सेटिंगला हात सगळ्यात शेवटी लावा. दहावीतली एक विद्यार्थिनी चार महिने समजत होती की तिचा डावा हात कच्चा आहे. घोस्ट नोट येतच नव्हत्या. घरी जाऊन पाहिलं, तर किट जोडून देणाऱ्याने डबल आवाज बंद व्हावा म्हणून स्नेअरचा थ्रेशोल्ड (ज्याखालचे हलके फटके मोजलेच जात नाहीत ती मर्यादा) भरमसाट वाढवून ठेवला होता. खरं कारण होतं पॅडचा सैल क्लॅम्प. मुलगी बरोबर वाजवत होती आणि यंत्र तिला रोज ‘चूक’ सांगत होतं. ऐकू यावं म्हणून ती डावा हात आपटायला लागली. ती सवय सोडवायला आम्हाला पुढचे सहा महिने लागले.

आधी हे आवाज का होतात ते

पॅडच्या आत पिझो नावाची पातळ चकती असते. ती हादरली की अगदी बारीक वीज तयार होते. मॉड्यूल ती वीज मोजतं आणि ठरवतं : फटका पडला का, पडला तर किती जोराचा. जोर १ ते १२७ अशा आकड्यांत धरला जातो. चकतीला काठी कळत नाही, फक्त हादरा कळतो. स्टँड डुगडुगला, पडदा उशिरापर्यंत थरथरत राहिला, लोंबती केबल पॅडच्या बुडाला आपटली, तरी तिच्या लेखी तो फटकाच. खालच्या सगळ्या तपासण्या या एकाच गोष्टीवर उभ्या आहेत : नको असलेला हादरा येतो कुठून?

पहिली पाच मिनिटं, पैसे शून्य

मॉड्यूलवरचा साधा अकूस्टिक किटचा आवाज निवडा. काही तयार आवाजांमध्ये डिले किंवा एको आधीपासूनच घातलेला असतो, आणि त्यालाच डबल ट्रिगर (एका फटक्याच्या दोन नोंदी) समजून मंडळी रात्रभर झुंजतात.

उशिराची तक्रार असेल तर ब्लूटूथ हेडफोन काढून वायरचे लावा. ब्लूटूथवर आवाज साधारण एक-दोन दशांश सेकंद मागे पडतो. गाणी ऐकताना ते कळत नाही, वाजवताना मात्र लय मोडते. मिनिटाला १२० ठोक्यांच्या लयीत दोन सोळांशांमध्ये (एका ठोक्याच्या चार भागांपैकी दोन लगतच्या फटक्यांत) अंतरच १२५ मिलिसेकंदांचं असतं, म्हणजे तुम्ही एक फटका मारता आणि ऐकता आधीचा. हा उशीर मनातल्या मनात भरून काढायची सवय लागली तर बँडबरोबर वाजवताना तुम्ही सतत घाईत असाल. कॉम्प्युटरवरून आवाज घेत असाल तर तिथलं बफर (आवाज बाहेर सोडण्याआधी साठवून ठेवण्याचं सेटिंग) कमी करा.

किटजवळ मोठा स्पीकर किंवा बेस ॲम्प असेल तर तो बंद करून पाहा. त्याच्या खर्जाने पॅड थरथरतात.

मग हाताने चाचपा

किट बंद ठेवून प्रत्येक पॅड धरून हलवा. पॅड हलला की त्याच्याबरोबर काय काय हलतं ते बघा. विंग नट, क्लॅम्प, रॅकचे सांधे, सगळे आवळा. स्नेअर आणि पहिला टॉम एकाच नळीवर असतात आणि त्या नळीचा सांधा सैल असेल, तर स्नेअरचा हादरा टॉमपर्यंत सरळ चालत जातो. ‘स्नेअर मारला, टॉम वाजला’ या तक्रारींपैकी निम्म्या मी फक्त नट आवळून मिटवल्या आहेत. दोन पॅडच्या कडा एकमेकींना टेकत असतील तर बोटभर अंतर करा. लोंबणाऱ्या केबल वेल्क्रोच्या पट्टीने नळीला बांधा, पण जॅकपाशी थोडी ढील ठेवा.

खाली काय आहे तेही बघा. टाईल्सवर नुसता ठेवलेला रॅक वाजवता वाजवता पुढे सरकतो आणि डुगडुगतो. जाड सतरंजी किंवा रबरी मॅट घाला. त्यावर किकचा पाय घट्ट बसतो आणि खालच्या मजल्यावर जाणारी धडधडही थोडी कमी होते. फक्त थोडीच. ती जमिनीतून जाते, त्यामुळे पूर्ण थांबवायची तर टेनिस बॉलवर ठेवलेला लाकडी मंच लागतो. तो विषय वेगळा.

दुसऱ्याला वाजवायला द्या

ही तपासणी लोक टाळतात, म्हणून जोर देऊन सांगतो. त्याच पॅडवर दुसऱ्या कुणालातरी वाजवू द्या, शक्यतो वाजवणाऱ्याला. दोघांच्याही हातून डबल येत असेल तर दोष किटचा. तुमच्याच हातून येत असेल तर काठीकडे बघा.

मॉड्यूलची यूएसबी केबल कॉम्प्युटरला जोडून कुठल्याही रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमध्ये मिडी (आवाज नव्हे, फटक्यांची वेळ आणि जोर यांची नोंद) रेकॉर्ड केलं तर आणखी स्पष्ट दिसतं. एका हाताने सोळा सुटे फटके मारा आणि कॉम्प्युटरच्या स्क्रीनवरच्या नोट मोजा. जादा नोट मूळ नोटेच्या दहा-तीस मिलिसेकंदांत आली असेल आणि तिचा जोर खूप कमी असेल, तर साधारणपणे तो पॅडचा हादरा. पन्नास किंवा त्याहून जास्त अंतर आणि जोरही बऱ्यापैकी असेल, तर काठी खरंच दुसऱ्यांदा टेकली आहे. मॉड्यूलने ते इमानदारीने नोंदवलं आहे.

काठी दुसऱ्यांदा का टेकते? फटका लागल्यावर ती वर येऊ पाहते आणि आपण तिला खाली दाबून धरतो. अंगठा आणि तर्जनी यांच्यात काठीचा तोल राहायला हवा, बाकीची बोटं तिला नुसती वेढून असावीत. मूठ आवळली की उसळी मोडते आणि टोक मेशवर फडफडतं.

आमच्याकडे ढोल-ताशा पथकांतली बरीच मुलं येतात. ढोलावर टिपरू खांद्यापासून येतं, आणि मैदानात आवाज पोचवायला ते तसंच यायला हवं. तीच ताकद आठ इंची मेश पॅडवर उतरली की पॅड, क्लॅम्प, रॅक सगळं हादरतं. ताशेवाल्यांचं उलट : मनगट आधीच तयार असतं, त्यांना फक्त उसळीची वाट बघायला शिकवावं लागतं. ऑर्केस्ट्रात ऑक्टोपॅड वाजवलेले लोक कडक रबरावर वाजवून आलेले असतात, म्हणून मेशची जादा उसळी त्यांना सुरुवातीला आवरत नाही. यांतला कुणीही कमी नाही. हाताला आधीची जमीन आठवते, एवढंच.

यावर माझा उपाय रोज दहा मिनिटांचा आहे. मेट्रोनोम ६० वर, एका हाताने एका ठोक्याला एकच फटका. काठी जितक्या उंचीवरून सोडली तितक्याच उंचीला परत आली पाहिजे. आवाजाकडे लक्ष नको, टोकाकडे ठेवा. मग दुसरा हात. आठवड्याभरात जादा नोट कमी झाल्या, तर किट उघडायची गरजच नव्हती.

किकच्या डबलचं कारण बहुतेक पायात असतं. बीटर (पेडलचा, पॅडवर आपटणारा दांडा) पॅडवर दाबून ठेवला, पण दाब ढिला असला, तर तो थरथरत दोन-तीनदा टेकतो. एकतर ठोका देऊन बीटर लगेच मागे येऊ द्या, नाहीतर ठाम रुतवून ठेवा. अधलंमधलं नको. स्टूलची उंचीही बघा. मांडी गुडघ्याकडे किंचित उतरती असली की पायावर ताबा राहतो. खुर्चीवर बसून सराव करणाऱ्यांना हे कधीच नीट जमत नाही, कारण खुर्चीची पुढची कड मांडीत रुतते.

केबलची अदलाबदल

हात सुटला निर्दोष, तर आता केबल. ज्या पॅडला त्रास आहे त्याची केबल चांगल्या पॅडच्या केबलशी बदला. दोष केबलबरोबर गेला तर केबल खराब. पॅडबरोबरच राहिला तर पॅड किंवा मॉड्यूलचा तो इनपुट. मग पॅड दुसऱ्या इनपुटला लावा. इथे एक गोष्ट ध्यानात ठेवा : सेटिंग इनपुटला चिकटलेली असतात, पॅडला नाही. स्नेअरचा पॅड टॉमच्या इनपुटला लावला की आवाज टॉमचाच येणार आणि संवेदनाही टॉमची. त्यावरून पॅड बिघडला असं ठरवू नका.

ज्या पॅडला रिमचा (कडेचा) वेगळा आवाज आहे, किंवा जी झांज हाताने धरल्यावर थांबते, तिला स्टीरिओ केबल लागते. जॅकवर दोन काळे पट्टे असतात ती. एक पट्टा म्हणजे मोनो. गिटारची मोनो केबल लावली की मधला आवाज येतो आणि रिम मुकी होते. हा ‘बिघाड’ मी इतक्यांदा पाहिला आहे की आता फोनवरच पट्टे मोजायला सांगतो.

मुंबईत आणि कोकणपट्टीत पावसाळ्यात जॅक काळवंडतात. लक्षण असं की फटके अधूनमधून सुटतात आणि जॅक जरा फिरवला की परत येतात. जॅक दहा-बारा वेळा आतबाहेर केला तरी बऱ्याचदा भागतं. नाहीतर किट बंद करून आयसोप्रोपिल अल्कोहोल कापडावर घ्या आणि जॅक पुसा. पूर्ण वाळल्यावरच लावा. खोबरेल किंवा शिवणयंत्राचं तेल घालू नका, त्यावर धूळ धरते.

स्वस्त किटांना एकच जाड स्नेक केबल असते, मॉड्यूलला चपटा प्लग लागतो आणि पुढे फाटे फुटतात. तो प्लग तिरका खेचला तर पिना वाकतात. एका वेळी दोन-तीन पॅड गेले असतील तर पहिला संशय यावर घ्या.

मेशचा ताण

जाळीचा पडदा १९९७ साली रोलंडच्या व्ही-ड्रम्सबरोबर रूढ झाला, आणि आता बऱ्याच साध्या किटांवरही असतो. त्याला ड्रमच्या चावीने ताणता येतं हे विकत घेताना कुणी सांगत नाही. वर्ष-दोन वर्षांत तो सैल पडतो. सैल पडदा फटक्यानंतर जास्त वेळ झुलत राहतो आणि तेच झुलणं दुसरी नोट होतं.

समोरासमोरच्या बोल्टची जोडी घेऊन चावी पाव-पाव फेरा फिरवा. कडेने क्रमाने फिरत गेलात तर एक बाजू ओढली जाते. मधोमध बोटाने दाबल्यावर किंचित दबावं, पण खोलगट भांडं होऊ नये. खूप ताणूही नका. ताठ मेशवर डबल स्ट्रोक (एकाच हाताचे लागोपाठ दोन फटके) आपोआप उसळतो, हाताला काही करावंच लागत नाही. मग एखाद्या दिवशी खऱ्या स्नेअरवर बसल्यावर दुसरा फटका निघतच नाही आणि मुलं रडकुंडीला येतात. पर्कसिव्ह आर्ट्स सोसायटी या तालवादकांच्या संस्थेच्या यादीत ४० रुडिमेंट, म्हणजे फटक्यांचे मूळ धडे, आहेत. त्यांतले डबल स्ट्रोक आणि पाच-सात फटक्यांचे रोल मी आठवड्यातून दोनदा तरी रबरी प्रॅक्टिस पॅडवर करून घेतो, ते याचसाठी.

‘मधोमध मोठा, बाजूला लहान’ ही तक्रार पडद्याची नसते. बऱ्याच पॅडमध्ये चकतीवरचा फोमचा शंकू पडद्याला बरोबर मध्यभागी टेकलेला असतो, म्हणून तिथला फटका जास्त जोराचा धरला जातो. दोन-तीन बोटं स्वतःकडे सरकून वाजवा. काही पॅडमध्ये चकती कडेला असते. तो पॅड असा फिरवा की चकतीची बाजू तुमच्यापासून लांब राहील.

काठीचं टोक फुटलेलं असेल तर ती काठी आजच बाजूला ठेवा. कुसळं जाळीचे धागे ओढतात.

आता सेटिंग, आणि एका वेळी एकच

इथवर येऊनही डबल चालूच असेल तर ट्रिगरच्या मेनूत शिरा. आधी प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. नावं कंपनीगणिक थोडी बदलतात, कामं तीच.

पहिल्यांदा पॅडचा प्रकार बरोबर निवडला आहे का ते पाहा. मॉड्यूल रबर समजत असेल आणि समोर मेश असेल, तर बाकीचे आकडे फिरवून काही होत नाही.

मग सेन्सिटिव्हिटी. तुमच्या सगळ्यात जोरदार फटक्याला जोर १२७ च्या आसपास यावा, मधल्या फटक्याला नाही. मध्यम फटकाच १२७ ला धडकत असेल तर ती कमी करा. एवढ्यानेच कधीकधी डबल थांबतं, कारण मागचा हादराही लहान होतो.

थ्रेशोल्ड म्हणजे उंबरठा. त्याखालचा हादरा मोजलाच जात नाही. तो एक-एक आकड्याने वाढवा आणि प्रत्येक पायरीला तुमची सगळ्यात हलकी घोस्ट नोट वाजवा. ती नाहीशी झाली की एक पायरी मागे या आणि तिथेच थांबा, डबल शिल्लक असलं तरी.

रीट्रिगर कॅन्सल जरा हुशार आहे. फटका पडल्यावर ते उंबरठा थोडा वेळ उंच करतं आणि मग हळूहळू खाली आणतं. डबलवर खरं औषध हेच. पण मात्रा जास्त झाली तर ॲक्सेंटच्या मागची हलकी नोट बुडते. वरच्या यादीतलं तिसरं लक्षण थ्रेशोल्डमुळे नसेल तर बहुधा यामुळे असतं. तपासायला उजव्या हाताने ॲक्सेंट, लगेच डाव्याने दोन हलक्या नोट, असं सतत वाजवा. दोन्ही ऐकू आल्या पाहिजेत.

मास्क टाइम म्हणजे फटक्यानंतर मॉड्यूल किती वेळ कान बंद ठेवणार. स्नेअरवर तो ८-१० मिलिसेकंदांपलीकडे नेऊ नका. काही मॉड्यूलांत तो ६० पर्यंत जातो, आणि तिथेच घात होतो. १२० च्या लयीत बत्तिसांशाचा (एका ठोक्यात आठ फटक्यांचा) रोल वाजवला तर दोन फटक्यांत ६२.५ मिलिसेकंद असतात. फ्लॅममध्ये एक हलका आणि लगेच एक मुख्य फटका जवळजवळ एकत्र पडतो, त्या दोन काठ्यांचं अंतर तर त्याहून कितीतरी कमी. मास्क ४० वर ठेवला की फ्लॅमची पहिली काठी वाजते आणि मुख्य फटकाच गायब होतो. किकवर मात्र तो बिनधास्त वाढवा. इतक्या जवळचे दोन ठोके एका पायाने कुणी देत नाही. डबल पेडल असेल तर जपून.

क्रॉसटॉक, म्हणजे एका पॅडच्या हादऱ्याने दुसरा वाजणं, थांबवणारं क्रॉसटॉक कॅन्सल शेवटी, आणि फक्त ज्या पॅडवर भलताच आवाज येतो त्याच्यावर. ते सगळीकडे वाढवलं तर स्नेअर आणि टॉम एकत्र मारल्यावर एकच वाजतो.

सगळं विस्कटलं असं वाटलं तर फॅक्टरी रीसेट आहेच. स्वतः बनवलेले आवाजांचे संच आधी साठवून घ्या.

पॅड उघडायचा का?

वॉरंटी असेल तर नाही. ती संपली असेल आणि हाताला सोल्डरिंगची सवय असेल, तर हो. आत तीन गोष्टी बघा : फोमचा शंकू बसकट झाला आहे का, चकतीची बारीक वायर तुटली आहे का, चकती बुडापासून सुटली आहे का. बसलेल्या शंकूचा पॅड मंद होतो, वायर तुटलेला पॅड मुका होतो, सुटलेली चकती वेडंवाकडं डबल देते. पिझो चकती स्वस्त असते, मुंबईत लॅमिंग्टन रोडला आणि पुण्यात बुधवार पेठेत मिळते. जुन्या चकतीचा व्यास मोजून तेवढीच आणा. सोल्डर करताना तापलेलं टोक क्षणभरच टेकवा. उष्णता जास्त झाली तर चांदीचा थर उचलला जातो आणि नवी चकतीही वाया जाते. रबरी झांजेच्या कडेला चकती नसून पातळ दाबपट्टी असते. ती मी स्वतः उघडत नाही. एकदा घडी पडली की ती सुधारत नाही.

इथे थांबा

मॉड्यूल तापतंय, जळका वास येतोय, रॅकला हात लावल्यावर झिणझिण्या येतात, यांपैकी काहीही असेल तर प्लग काढा आणि पुढे काही करू नका. झिणझिण्या आल्या तर आधी घरच्या सॉकेटचं अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. अडॅप्टर हरवला म्हणून पिन बसते तो दुसरा लावू नका. काहींच्या पिनेच्या आत अधिक असतं, काहींच्या आत उणे, व्होल्टही वेगळे. एका उलट्या अडॅप्टरने अख्खं मॉड्यूल गेलेलं मी पाहिलं आहे.

चांगला पॅड आणि चांगली केबल लावूनही एकच इनपुट मेला असेल, किंवा मॉड्यूलवरचा जॅक आत हलत असेल, तर बोर्डवरचा सांधा सुटला आहे. ते काम कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरचं. गावात ते नसेल तर ऑर्केस्ट्रावाल्यांचे कीबोर्ड आणि ऑक्टोपॅड दुरुस्त करणारा शोधा. नुसता टीव्ही-मोबाइलवाला नको.

किट निर्दोष निघालं आणि तीन-चार आठवडे रोज वाजवूनही डबल जात नसेल, तर समोर बसून हात बघणारा शिक्षक गाठा. दोन तास पुरतात. आणि मनगट किंवा कोपर दुखत असेल, बोटांना मुंग्या येत असतील, तर वाजवणं थांबवून डॉक्टरांना दाखवा. दुखऱ्या हाताने सराव करू नका, मुलांना तर मुळीच करू देऊ नका.

दुरुस्तीला जाताना नुसतं मॉड्यूल नेऊ नका. त्याचा अडॅप्टर, एक चांगला पॅड, त्रास देणारा पॅड आणि दोन केबल सोबत न्या. काय काय तपासून झालं ते कागदावर लिहा, सेटिंगचे जुने फोटो दाखवा. दुकानात पॅडच नसेल तर तो माणूस फक्त दिवे लागतात का ते बघून ‘ठीक आहे’ म्हणून परत देईल.